वापरकर्त्याने पुढे जावे

३ मार्च, सोमवार

साहेबांनी मीटिंग बोलावली. साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी. फर्मान असं: यापुढे मॅन्युअल वर्डमध्ये लिहायचं नाही. साध्या टेक्स्ट फाइली लिहायच्या. त्यांच्यातून वेबसाइट आपोआप तयार होईल.

आपोआप म्हणे. बारा वर्षं हे मॅन्युअल मी लिहितोय. आमचं सॉफ्टवेअर लाँड्रीवाल्यांसाठी आहे. कुणाचा कोट, कुणाचे पडदे, कधी द्यायचे, सगळं त्यात. ते कसं वापरायचं हे जगात फक्त माझ्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. निळ्या चौकटी, पिवळ्या सूचना, लाल धोके, सावली पडलेली शीर्षकं. आणि आता टेक्स्ट फाइल. म्हणजे नवरदेवाला बनियनवर उभं करायचं.

मीटिंगमध्ये मी काही बोललो नाही. माझं मौन सगळ्यांना कळलं असणार.

संकल्प: उद्या स्पष्ट नकार द्यायचा.

४ मार्च, मंगळवार

नकार दिला नाही. सकाळी दाढी करताना लक्षात आलं की टेक्स्ट फाइल ही मुळात माझीच कल्पना आहे. मजकूर महत्त्वाचा, नटवेपणा नाही, हे मी नेहमी म्हणत आलो. नेमकं कधी म्हणालो ते आठवत नाही, पण म्हणालो असणार.

किती सोपं आहे! ओळीच्या सुरुवातीला हॅश दिला की शीर्षक. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे दिले की ठळक अक्षर. डॅश दिला की यादी. साधी राहणी, उच्च विचारसरणी. ऑफिसात सगळ्यांना समजावून सांगितलं. हेल्पलाइनवरच्या हेडफोनलाही सांगितलं. हे त्याचं नाव नव्हे, पण ते यंत्र तो जेवतानाही कानावरून काढत नाही. तो बराच वेळ मान डोलवत होता. पलीकडे कुणीतरी फोनवर होतं आणि मान त्याच्यासाठी डोलत होती, हे नंतर कळलं.

६ मार्च, गुरुवार

ऑफिसात एक नवी आली आहे. हिला प्रत्येक गोष्ट तयार मिळालेली आवडते. मी तिला मनात रेडीमेड म्हणतो. तिने आज एक फुकट मिळणारा जनरेटर दाखवला. फाइली फोल्डरमध्ये टाकल्या, एक कमांड दिली, वेबसाइट हजर. माझा चहा पिऊन व्हायच्या आत.

मी म्हटलं, पण अशा साइट तर सगळ्या जगाच्या दिसतात. ती म्हणाली, "म्हणूनच तर सगळ्यांना वापरता येतात, सर." उर्मटपणे नाही, हसून म्हणाली. ते जास्त लागतं.

तिथल्या तिथे ठरवलं. माझा जनरेटर मी स्वतः लिहिणार. आपला हात जगन्नाथ. नावही ठरलं: स्वयंभू. प्रोग्रॅमिंग मला नवीन नाही. कॉलेजात त्या विषयात फर्स्ट क्लास होता, तोही कॉम्प्युटरला हात न लावता. तेव्हा कॉम्प्युटर प्राचार्यांच्या केबिनमध्ये कुलपात असायचा.

रेडीमेडने तिच्या जनरेटरचं मॅन्युअल पाठवलं आहे. फार लांबलचक. वाचलं नाही. अंदाज आला.

१० मार्च, सोमवार

साहेबांना स्वयंभूबद्दल सांगितलं. वाटलं होतं पाठ थोपटतील. त्यांनी अट घातली. हात दाखवून अवलक्षण.

अट अशी. एक नवीन गिऱ्हाईक आहे, चार दुकानांच्या लाँड्रीच्या मालकीणबाई. त्या एक एप्रिलला आपलं सॉफ्टवेअर सुरू करणार. त्यांची आत्ताची सगळी माहिती हेल्पलाइनवाले आधीच भरून ठेवतील. पण शिकवायला या वेळी माणूस पाठवायचा नाही. त्यांनी फक्त माझी साइट वाचून काम सुरू करायचं. जमलं तर मॅन्युअल माझं आणि स्वयंभूही राहील. नाही जमलं तर मॅन्युअल रेडीमेडकडे आणि मी हेल्पलाइनवर.

हेल्पलाइनवर! बारा वर्षं लिहिणाऱ्या माणसाने कानाला यंत्र लावून "नमस्कार, काय मदत करू" म्हणायचं? त्यापेक्षा मी घरी बसेन. साहेबांना म्हटलं, मंजूर. आवाज बऱ्यापैकी खणखणीत लागला.

घरी बायकोला सांगितलं. ती औषधाच्या दुकानात खिडकीवर असते. ती म्हणाली, "मी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिते, जेवणानंतर. तरी प्रत्येक जण विचारतो, जेवणानंतर ना? लोक वाचत नाहीत हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी मनाला लावून घेतलेलं नाही. माझी गोष्ट वेगळी आहे. बारा वर्षांत माझ्या मॅन्युअलमध्ये एकाही माणसाने चूक दाखवलेली नाही. याचे दोनच अर्थ होतात. एक, चूक नाही. दुसरा अर्थ लिहीत नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठून कोडिंग. चारनंतर चहा बंद. रेडीमेडला काहीही विचारायचं नाही.

११ मार्च, मंगळवार

पाचला उठलो नाही. पण संकल्प केल्यामुळे सातला जाग आली, एरवी साडेसात होतात. सुरुवात उत्तम.

१४ मार्च, शुक्रवार

स्वयंभूने आज पहिलं पान काढलं. कोरं होतं, पण पान होतं.

दुपारनंतर अक्षरंही उमटली. एका ठिकाणी तारा उघडा राहिला, बंद करायला विसरलो. त्यामुळे तिथून पुढचा सगळा मजकूर ठळक झाला, तोवर टाकलेल्या शेवटच्या धड्यापर्यंत. वाईट दिसत नाही. नाहीतरी सगळं महत्त्वाचंच आहे.

रेडीमेड मागून जाता जाता थबकली. तिने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. चहा मात्र घ्यावा लागला. साडेचार झाले होते, पण तो चारचाच राहिलेला होता.

१९ मार्च, बुधवार

आज जे केलं ते रेडीमेडच्या जनरेटरलाही सुचलं नसेल. प्रत्येक पानाच्या तळाशी एक मोठं हिरवं बटण, त्यावर फक्त "पुढे". दाबलं की पुढचा धडा. वाचणाऱ्याने डोकं वापरायची गरजच ठेवली नाही.

(त्यांच्यातही हे बटण असतं, असं हेडफोन म्हणाला. असेल. हिरवं नसेल.)

मॅन्युअलची भाषाही पुन्हा तपासली. कुठेही बदल करावासा वाटला नाही. "वापरकर्त्याने प्रथम आपली ओळख प्रस्थापित करावी." "वापरकर्त्याने खातरजमा करून पुढे जावे." असं मराठी आता कोण लिहितं?

२१ मार्च, शुक्रवार

रेडीमेडने विचारलं, फाइलींच्या नावाआधी शून्य लावताय ना, सर?

कसलं शून्य? मी पहिल्या धड्याच्या फाइलला १ नाव दिलंय, दुसऱ्याला २. ती म्हणते ०१, ०२ असं द्या, नाहीतर पुढे घोळ होतो. मी तिला शांतपणे समजावलं की एकावर शून्य दिलं तर दहा होतात, पण एकाआधी शून्य दिलं तर एक हा एकच राहतो. ज्याने किंमत वाढत नाही ते मी लावत नाही. ती म्हणाली, "किमतीचं नाही सर, क्रमाचं म्हणतेय." साहेबांनी तिला तेवढ्यात हाक मारली म्हणून वाचली, नाहीतर मी अजून समजावणार होतो.

तरीही खात्री म्हणून नऊ धडे टाकून पाहिले. एक ते नऊ, रांगेत, शाळेतल्या मुलांसारखे. एकाचं पाऊल इकडे तिकडे नाही. शितावरून भाताची परीक्षा झाली.

२८ मार्च, शुक्रवार

उरलेले तीन धडे टाकले: दहावा, अकरावा, बारावा. परत तपासत बसलो नाही. नऊ चालले ते बारा चालणार नाहीत? एवढा अविश्वास माणसाने स्वतःवर दाखवू नये.

वरच्या कोपऱ्यात शोधायची चौकटही काढली आहे. अजून ती काही शोधत नाही. पण सुंदर आहे.

साहेब म्हणाले, एकदा रेडीमेडला दाखवून घ्या. मी म्हटलं, वेळ नाही. वेळ होता.

३१ मार्च, सोमवार

स्वयंभूने साइट तयार केली. वर चढवली. मालकीणबाईंना पत्ता पाठवला. साहेबांना, हेडफोनला, सगळ्या ऑफिसला पाठवला. मेहुण्यालाही पाठवला, त्याचा लाँड्रीशी संबंध नसला तरी. त्याने अंगठा पाठवला. बायकोला मोबाइलवर दाखवली. ती म्हणाली, छान आहे, पण सगळं ठळक का आहे?

साइटला एक गणकयंत्र जोडलं आहे. कुठलं पान कुणी उघडलं ते मला इथे बसून दिसतं. आत्तापर्यंत सगळी पानं उघडली गेली आहेत. मीच उघडली.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी दहा. गणकयंत्र हललं! पहिला धडा उघडला. मी नाही. बाईंनी उघडला!

सकाळी अकरा. अजून पहिलाच धडा. मनन चाललेलं दिसतं. असं वाचन हवं.

दुपारी एक. अजून पहिलाच. रेडीमेड म्हणाली, फोन करून विचारू या का? मी म्हटलं, वाचणाऱ्याच्या तंद्रीत व्यत्यय आणू नये.

दुपारी तीन. हललं! बाई एकदम दहाव्या धड्यावर गेल्या. हुशार आहेत, सोप्या गोष्टींत वेळ घालवत नाहीत. मग अकरावा. मग बारावा. मग दुसरा! पाया कच्चा वाटला असेल, म्हणून मागे आल्या. मग तिसरा, चौथा, पाचवा. एकही पान सोडलं नाही. सातव्यावर बराच वेळ थांबल्या.

बारा वर्षांत पहिल्यांदा माझं लिहिलेलं कुणीतरी ओळीने वाचतंय आणि मी ते डोळ्यांनी पाहतोय. हेडफोनला बोलावून दाखवलं. साहेबांनाही बोलावलं असतं, पण ते मीटिंगमध्ये होते. चहा घेतला, कितव्यांदा ते मोजलं नाही. आनंद झाला. खरंच झाला.

संध्याकाळी. बाई नवव्या धड्यावर पोचल्या. त्यानंतर गणकयंत्र हललं नाही. झालं म्हणायचं. जिंकलो.

२ एप्रिल, बुधवार

साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. रेडीमेड होती. हेडफोन होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या कानावर काही नव्हतं.

काय झालं ते लिहितो, पण त्याचा अर्थ साहेब काढतात तसा नाही. नवव्या धड्यात मी लिहिलंय की दुकानात सध्या असलेल्या कपड्यांच्या पावत्यांची प्रत आधी काढून जपून ठेवावी. दहाव्यात लिहिलंय की मग बाकी सगळ्या जुन्या नोंदी पुसाव्यात. स्पष्ट आहे. पण स्वयंभूने धडे लावले ते असे: एक, दहा, अकरा, बारा, दोन, तीन. कारण म्हणे कॉम्प्युटर आकडे वाचत नाही, अक्षरं वाचतो, आणि एकाने सुरू होणारं सगळं त्याच्या लेखी दोनच्या आधी. आधी शून्य असतं तर तसं झालं नसतं.

बाईंनी "पुढे" दाबलं. पहिल्या धड्यानंतर दहावा आला. त्यात लिहिलं होतं, पुसा. बाईंनी पुसलं. चार दुकानांत टांगलेले सगळे कपडे बेवारशी झाले. कुणाचं काय, कुणालाच माहीत नाही. हेल्पलाइनने भरलेल्या माहितीची दुसरी प्रत नाही, कारण ती काढायची नवव्या धड्यात होती.

मी म्हटलं, मॅन्युअलमधलं एकही वाक्य चुकलेलं नाही. क्रम चुकलाय. साहेब म्हणाले, "मॅन्युअल म्हणजे दुसरं काय असतं?" रेडीमेड एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर तयार होतं.

उद्या मला बाईंच्या दुकानात जायचं आहे, कपड्यांचे मालक शोधायला. माफी मागणार नाही. वस्तुस्थिती समजावून सांगणार.

३ एप्रिल, गुरुवार

दुकान लांबट, आत वाफ आणि साबणाचा वास. छतापासून गुडघ्यापर्यंत कपडे टांगलेले. काउंटरवर बाई आणि त्यांची जाऊ. समोर गिऱ्हाइकांची रांग. प्रत्येक जण लांबून बोट दाखवतो, तो, तो करडा. करडे अकरा. दोघांनी एकाच कोटावर हक्क सांगितला, आणि दोघांनाही तो घट्ट झाला.

मी समजावायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, आधी हे हँगर धरा. दुपारपर्यंत हँगर धरून उभा होतो. रांग जरा कमी झाली तेव्हा त्यांनी मला स्टूल दिलं आणि काउंटरखालून कागदांचा गठ्ठा काढला. माझी सगळी साइट. छापून आणलेली, सगळीच्या सगळी ठळक. पेन्सिलीने ओळी ओढलेल्या.

"तुमचंच वाचून केलं सगळं," बाई म्हणाल्या. "एक पान सोडलं नाही. पण एक विचारू का? तो वापरकर्ता कोण?"

मी म्हटलं, वापरकर्ता म्हणजे जो वापरतो तो.

"असं होय. आम्हाला वाटलं तुमच्या कंपनीचा माणूस. वापरकर्त्याने बटण दाबावे, वापरकर्त्याने खातरजमा करावी. सकाळपासून त्याची वाट बघत बसलो होतो. तीन वाजता ही म्हणाली, वापरकर्ता काही आज यायचा नाही. आपणच दाबू."

जाऊ म्हणाली, "मीच दाबलं."

मी काही समजावलं नाही. वस्तुस्थितीचे मुद्दे खिशात होते, ते खिशातच राहिले. रागावल्या असत्या तर सोपं होतं. बाईंनी गठ्ठ्यातलं एक पान काढून माझ्यापुढे धरलं. सातव्या धड्याचं.

"इथे अगदी खाली लिहिलंय. इथपर्यंत वाचत आलात तर कळवा, चहा माझ्याकडून. हे खरं आहे का उगाच?"

मला ती ओळ आठवतच नव्हती. पहिल्या वर्षी कधीतरी लिहिली असेल. त्यानंतर दर वर्षी ती इकडून तिकडे उतरवली गेली, वर्डमधून टेक्स्टमध्येही आली, आणि कुणीही कधी चहा मागितला नाही. पान हातात घेऊन ती पुन्हा वाचली. मी म्हटलं, खरं आहे.

"मग आणा. तीन. साखर वेगळी."

मी स्वतः जाऊन आणला. चहा पिताना बाईंना शेवटी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं, आता ते पडदे खाली घ्या.

४ एप्रिल, शुक्रवार

रेडीमेडने माझ्या फाइली उचलून तिच्या जनरेटरमध्ये टाकल्या. नावांआधी शून्यं लावली. वापरकर्ता काढून सगळीकडे तुम्ही घातलं. उघडा राहिलेला ताराही बंद केला. चहाची ओळ तशीच ठेवली, ठेवू का म्हणून विचारायला आली होती. मी म्हटलं, तुझी साइट आहे, तुझं तू बघ. मग म्हटलं, ठेव.

साइट जगातल्या सगळ्या साइटींसारखी दिसते. बाईंच्या जावेने ती उघडून आज पहिली पावती काढली, असं गणकयंत्र नव्हे, हेडफोन म्हणाला.

साहेबांनी निर्णय सांगितला. सोमवारपासून हेल्पलाइन. मी म्हटलं, विचार करून सांगतो. ते म्हणाले, हेडफोनशेजारची खुर्ची रिकामी करून ठेवली आहे.

बायको म्हणाली, जाल ना? मी म्हटलं, मुळीच नाही. तिने सोमवारसाठी शर्टाला इस्त्री करून ठेवली.

७ एप्रिल, सोमवार

गेलो, पण फक्त बघायला. ते यंत्र कानाला लावून पाहिलं, तेही फक्त मापासाठी. तेवढ्यात वाजलं.

एक लाँड्रीवाले होते. गिऱ्हाइकाची पावती हरवली आहे, दुसरी कुठून काढायची? मी मनात हसलो. हे मीच लिहिलेलं आहे. चौथ्या धड्यात. किंवा सहाव्या. समोर साइट उघडी होती. शोधायची चौकट होती, आणि आता ती शोधतही होती. लाँड्रीवाले थांबले होते. त्यांच्या दुकानात कुणीतरी ओरडत होतं, घाई होती.

मी एक मिनिट हं म्हणालो, यंत्रावर हात ठेवला आणि हेडफोनकडे वळून विचारलं, दुसरी पावती कुठून निघते रे? त्याने मान न वळवता सांगितलं. मी तेच पुढे सांगितलं. पलीकडे पावती निघाली. ओरडणं थांबलं.

साइटवर शोधायला वेळ लागला असता. वाचण्याची गोष्ट वेगळी आणि फोनची वेगळी.

ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "हे कुठे लिहिलेलं असतं का हो?"

मी म्हटलं, "असतं ना. पण तुम्ही आपला फोनच करत जा."